एखाद्या देशातल्या यादवीत शेजारचे देश कसे ओढले जातात? सीमा बंद केली तर शेजारी वाचणार नाही का?

तुम्ही सुदानचं उदाहरण देऊन तीन गोष्टी विचारल्या आहेत. दोन सेनापती आपल्याच देशात लढत असताना चाडपासून आखातापर्यंतचे देश त्यात कसे शिरले, पळालेली माणसं शेजारच्या गरीब देशातच का जातात, आणि शेजाऱ्याने पहिल्याच दिवशी सीमा बंद केली तर तो वाचणार नाही का. शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण हल्ली टीव्हीवरच्या चर्चांमध्ये तोच उपाय म्हणून ठासून सांगितला जातो. माझं उत्तर ‘नाही’ असं आहे. सीमा बंद झाली की बायका, पोरं, म्हातारी माणसं अडतात. बंदुका, सोनं, डिझेल आणि पैसा यांच्या वाटा वेगळ्या असतात आणि त्या चालूच राहतात.

आता सुदान. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लढाई सुरू झाली. एका बाजूला जनरल बुरहान यांचं सैन्य, दुसऱ्या बाजूला हेमेती या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोहम्मद हमदान दगालो यांचं निमलष्करी दल, आरएसएफ. पेटलं राजधानीत, पण सगळ्यात भयंकर मार बसला तो पश्चिमेला, चाडला लागून असलेल्या दार्फुरला. तिथल्या एल जेनिना शहरात २०२३ मध्ये मसालित जमातीची कत्तल झाली. मृतांचा आकडा १० ते १५ हजार असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. जे वाचले ते चाडमधल्या आद्रे या गावाकडे चालत निघाले. अंतर तीसेक किलोमीटर. आद्रे म्हणजे वाळूतलं एक लहानसं गाव, आणि काही आठवड्यांत तिथे मूळ वस्तीच्या कित्येक पट माणसं काठ्या आणि चिंध्यांच्या झोपड्यांत राहत होती.

माणसं शेजारीच का जातात याचं उत्तर त्या तीस किलोमीटरमध्ये आहे. पायी जाता येईल तिथवरच माणूस जातो. त्यातून पलीकडे आपली भाषा बोलणारे कुणी असतात, सोयरेधायरे असतात, आणि पेरणीपर्यंत परत जाऊ अशी आशा असते. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटींहून जास्त लोक हिंसेमुळे घरादाराला मुकलेले होते. त्यातल्या निम्म्याहून अधिकांनी आपला देश सोडलेलाच नव्हता. जे देशाबाहेर पडले त्यांतले सुमारे दोन तृतीयांश शेजारच्या देशात थांबले. युरोपच्या किनाऱ्यावरच्या होड्या आपल्याला बातम्यांत दिसतात, पण खरं ओझं चाड, लेबनॉन, युगांडा, बांगलादेश अशा देशांच्या खांद्यावर आहे.

सोयरेधायरे म्हटलं ते उगाच नाही. शेजारी देश युद्धात ओढला जातो त्याची पहिली वाट नातेसंबंधांची असते. झगावा ही जमात चाड आणि सुदान दोन्हीकडे आहे. चाडचे इद्रिस देबी झगावा होते. १९९० मध्ये दार्फुरमध्ये फौज जमवून ते चाडच्या राजधानीवर चालून गेले आणि सत्तेवर आले. २००३ मध्ये दार्फुरमध्येच सुदान सरकारविरुद्ध बंड झालं आणि त्यात झगावा पुढे होते. देबींनी गप्प बसायचं ठरवलं असतं तरी त्यांच्या सैन्यातले अधिकारी भाऊबंदांना मदत केल्याशिवाय राहणार नव्हते. मग सुदानने चाडच्या बंडखोरांना पोसायला सुरुवात केली. फेब्रुवारी २००८ मध्ये सुदानच्या बाजूने आलेले बंडखोर चाडच्या राजधानीत, एन्जामेनात घुसले आणि मे महिन्यात दार्फुरचे बंडखोर खार्तूमला लागून असलेल्या ओम्दुरमानपर्यंत पोचले. दोन देशांत युद्ध जाहीर झालेलं नव्हतं, तरी एकमेकांच्या राजधानीत लढाई झाली.

दुसरी वाट हिशेबाची, आणि दूरचे देश तर याच वाटेने येतात. इजिप्तला नाईलचं पाणी आणि दक्षिण सीमेची काळजी, म्हणून तो सैन्याच्या बाजूने. सुदानचं सोनं मोठ्या प्रमाणावर दुबईच्या बाजारात जातं. संयुक्त अरब अमिरातीने आरएसएफला शस्त्रं पुरवल्याच्या आरोपांना संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी विश्वासार्ह म्हटलं आहे, अमिराती ते नाकारते. एकाने एका बाजूला हात दिला की त्याचा प्रतिस्पर्धी दुसऱ्या बाजूला देतो, आणि पुढे लढणाऱ्यांना थांबायचं असलं तरी रसद देणारे थांबू देत नाहीत.

हे सगळं फार लांबचं वाटत असेल तर आमच्या सोलापुरात या. तुळजापूर रस्त्याने वीसेक किलोमीटर गेलं की तामलवाडी लागते आणि धाराशिव जिल्हा सुरू होतो. १९४८ पर्यंत तो निजामाचा मुलूख होता. इकडे इंग्रजी रुपया, तिकडे निजामाचा हाली सिक्का, मध्ये करोडगिरीचा म्हणजे जकातीचा नाका. पण देवी तुळजापूरची, बाजारपेठ सोलापूरची आणि सोयरीक दोन्हीकडची. ऑगस्ट १९४७ नंतर निजामाने भारतात विलीनीकरण टाळलं. लातूरच्या कासीम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र स्वयंसेवकांनी, गावोगाव दहशत बसवली आणि तुळजापूर, नळदुर्ग, परांडा भागातली माणसं सोलापूर-बार्शीकडे येऊ लागली. माझं आजोळ त्यांतलंच. पेरलेलं रान तसंच टाकून ते लोक आले आणि एका दूरच्या सोयऱ्याच्या ओसरीवर राहिले. आजी सांगायची की सोलापुरात पोचल्यावर सगळ्यात जास्त लाज कसली वाटली असेल तर दुसऱ्याच्या घरात पाणी मागून प्यायची.

मी इतिहासाचा शिक्षक होतो आणि वर्गात हा भाग शिकवताना एक गोष्ट आवर्जून सांगायचो. ज्या सोलापूर-बार्शी पट्ट्यात निर्वासित येत होते, त्याच पट्ट्यात निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सरहद्दीवरच्या छावण्याही होत्या. तिथले तरुण शस्त्रं घेऊन हद्द ओलांडत, करोडगिरीचे नाके आणि पोलीस ठाणी यांवर हल्ले करत आणि परत येत. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे, ते जुलमाविरुद्ध लढत होते. पण हैदराबादेत बसून पाहणाऱ्याला सोलापूर म्हणजे बंडखोरांची पिछाडीच दिसणार. आसरा आणि पिछाडी एकाच जागी उभी राहते, आणि शेजारी युद्धात शिरतो तो बहुतेक वेळा याच जागेवरून. निजामानेही बाहेर हात पसरले होते. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानांनी शस्त्रं आणत होता आणि हैदराबादने आपली तक्रार सुरक्षा परिषदेत नेली होती. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या फौजेने मुख्य चढाई केली ती सोलापूर-हैदराबाद रस्त्यानेच, आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं. १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली.

त्यानंतरचा भाग आमच्याकडे फारसा बोलला जात नाही, पण तो सांगितल्याशिवाय हे उत्तर प्रामाणिक होणार नाही. फौज आल्यावर सुडाची लाट उसळली आणि आता मुसलमान कुटुंबांवर हल्ले झाले. भारत सरकारनेच नेमलेल्या सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचं उस्मानाबाद होतं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. माझ्या आजोळच्या माणसांना परत जाता आलं, पण त्यांच्याच भागातल्या दुसऱ्या कुणाला तेव्हा पळावं लागलं. यादवीत निर्वासितांचा लोंढा एकाच दिशेने क्वचित वाहतो.

सीमा बंद करण्याच्या उपायाचं काय होतं हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते रुआंडात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो. तिथे हुतू बहुसंख्य आणि तुत्सी अल्पसंख्य. १९५९ पासून तुत्सी लोकांवर हल्ले सुरू झाले आणि हजारो कुटुंबं युगांडात गेली. त्यांची मुलं छावण्यांत वाढली, पॉल कागामे त्यांतलाच एक. युगांडाने त्यांना आपलं मानलं नाही. १९८२ मध्ये ओबोटे सरकारच्या काळात त्यांना घरांतून हुसकावून लावण्यात आलं. परत जावं तर रुआंडाचे अध्यक्ष हाब्यारिमाना सांगत होते की देश भरलेला आहे, जागा नाही. पुढचं दार बंद, मागचंही बंद. त्या पोरांपैकी अनेकांनी युगांडातले बंडखोर मुसेवेनी यांच्या सैन्यात बंदूक धरली. १९८६ मध्ये मुसेवेनी सत्तेवर आले आणि युगांडाच्या सैन्यातले हे अनुभवी रुआंडी अधिकारी १ ऑक्टोबर १९९० ला शस्त्रांसह रुआंडाच्या हद्दीत घुसले. ज्यांना निर्वासित म्हणून परत घेतलं नाही, ते तीस वर्षांनी फौज होऊन परतले.

पुढे एप्रिल ते जुलै १९९४ या काळात रुआंडात सुमारे ८ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. युगांडातून आलेल्या कागामेंच्या तुत्सी फौजेने देश ताब्यात घेतला तसे हुतू लोक झैरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, पळाले. जुलैच्या मध्यावर काही दिवसांत गोमा शहरात आठ-दहा लाख माणसं येऊन पडली. तिथली जमीन ज्वालामुखीच्या दगडाची. ना संडास खणता येत, ना कबरी. पटकी आली आणि पहिल्या महिनाभरात जवळपास ५० हजार माणसं गेली. पण त्या गर्दीत कत्तल करणारं सैन्य आणि त्यांच्या टोळ्याही होत्या. धान्यवाटपाच्या याद्या त्यांच्याच पुढाऱ्यांच्या हातात आल्या. ज्याला परत घरी जायचं होतं त्याला धमकावलं जाई. जगाने पाठवलेलं धान्य विकून शस्त्रं घेतली गेली आणि छावणीतून रुआंडावर हल्ले सुरू झाले. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या प्रमुख सादाको ओगाता शस्त्रधारी आणि साधी माणसं वेगळी करण्यासाठी सैन्य मागत राहिल्या. देश पुढे आले नाहीत. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’च्या फ्रेंच शाखेने तर नोव्हेंबर १९९४ मध्ये त्या छावण्यांतलं काम सोडलं, कारण आपल्या मदतीवर खुनी पोसले जात आहेत असं त्यांना दिसत होतं. हा निर्णय मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला राग आला होता. आजही मला तो पूर्ण पटलेला नाही, पण त्यांच्यापुढचा पेच मात्र समजतो.

१९९६ च्या शेवटी रुआंडाने स्वतःच त्या छावण्यांवर हल्ला केला आणि लोरां काबिला यांच्या बंडखोरांना पुढे केलं. लाखो लोक रुआंडात परतले आणि लाखो पश्चिमेला जंगलात पळाले, त्यांतले कित्येक तिथेच मारले गेले. मे १९९७ मध्ये झैरचे हुकूमशहा मोबुटू यांची तीन दशकांची राजवट कोसळली आणि काबिला सत्तेवर आले. वर्षभरात काबिलांचं आणि रुआंडाचं बिनसलं आणि ऑगस्ट १९९८ मध्ये दुसरं युद्ध सुरू झालं. रुआंडा आणि युगांडा एका बाजूला. काबिलांच्या मदतीला अंगोला, झिंबाब्वे, नामिबिया. अंगोलाचं कारण बघा. त्याचे स्वतःचे बंडखोर, युनिटा, काँगोच्या हद्दीत तळ करून राहत होते, म्हणून काँगोच्या राजधानीत, किन्शासात कोण बसतो हा अंगोलाच्या घरचा प्रश्न होता. काही काळाने प्रत्येकाला खाणी दिसू लागल्या, सोनं, हिरे, मोबाइलमध्ये लागणारं कोल्टान. २००० मध्ये रुआंडा आणि युगांडा या एकाच बाजूच्या दोन देशांचं सैन्य काँगोच्या किसांगानी शहरात आपापसात लढलं आणि मेले ते किसांगानीचे रहिवासी. हा प्रश्न अजून मिटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये रुआंडाचा पाठिंबा असलेल्या एम-२३ या गटाने गोमा घेतलं आणि पुन्हा लाखो माणसं रस्त्यावर आली.

यावरून कुणी म्हणेल, बघा, निर्वासितच युद्ध घेऊन येतात. मला हे अजिबात मान्य नाही. गोमात पटकीने मेलेली पोरं कुणावर हल्ला करणार होती? धोका माणसांतून आला नव्हता, त्यांच्यात मिसळलेल्या बंदुकांना कुणी हात लावला नाही त्यातून आला. आफ्रिकेतल्या देशांनी १९६९ च्या करारात आधीच लिहून ठेवलं होतं की निर्वासितांना हद्दीपासून पुरेशा अंतरावर वसवावं. गोमाच्या छावण्या हद्दीला खेटून होत्या. सीमेवर शस्त्रं काढून घेणं, छावणी आत हलवणं आणि माणसांना काम करू देणं, या गोष्टी कटकटीच्या आणि खर्चाच्या आहेत, पण उपयोगी पडतात. आजचा युगांडा निर्वासितांना कसायला जमिनीचा तुकडा आणि कामाची मुभा देतो. आज आफ्रिकेत सगळ्यात जास्त निर्वासित त्याच देशात आहेत.

१९७१ मध्ये आपण स्वतः शेजारी होतो. २५ मार्चच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कारवाई सुरू केली आणि वर्षअखेरपर्यंत जवळपास एक कोटी माणसं भारतात आली. त्रिपुराची लोकसंख्या तेव्हा साडेपंधरा लाखांच्या आसपास होती आणि तिथे आलेले लोक जवळपास तेवढेच. भारताने मुक्तिवाहिनीला, म्हणजे तिथल्या बंगाली बंडखोरांना, प्रशिक्षण दिलं, शस्त्रं दिली, म्हणजे इथेही आसरा आणि पिछाडी एकत्रच होती. ९ ऑगस्टला सोव्हिएत संघाशी करार झाला, अमेरिका आणि चीन पाकिस्तानच्या बाजूने, ३ डिसेंबरला उघड युद्ध आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. त्या खर्चाचा भार सोलापूरपर्यंत पोचला होता. आमच्या घरी तारेला लावून ठेवलेल्या जुन्या पत्रांमध्ये त्या काळातली जी पाकिटं आहेत त्यांच्यावर निर्वासितांसाठीचं ५ पैशांचं जादा तिकीट आहे. १५ नोव्हेंबर १९७१ पासून ते लावावं लागत होतं. एक चांगली गोष्टही त्या छावण्यांतून निघाली. पश्चिम बंगालमधल्या बनगावला पटकीची साथ आली तेव्हा सलाइन संपलं आणि डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा घातलेलं पाणी रुग्णांना पाजायला लावलं. शंभरात तीसेक मरत होते ते चारच्या आत आले. आज प्रत्येक औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ओआरएसच्या पुडीवर जगाचा विश्वास बसला, त्यात या छावणीचा वाटा मोठा आहे.

श्रीलंकेत मात्र आपले हात पोळले. जुलै १९८३ च्या दंगलींनंतर तमिळ निर्वासित रामेश्वरम-मंडपमला उतरू लागले. भारताने तमिळ गटांना प्रशिक्षण दिलं. १९८७ च्या करारानंतर शांतिसेना पाठवली आणि ती त्याच गटांपैकी एलटीटीईशी, म्हणजे तमिळ वाघांशी, लढली. ११०० हून अधिक भारतीय जवान गेले. २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. त्या दिवसापासून तमिळनाडूच्या छावण्यांतल्या साध्या कुटुंबांकडेही संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

निर्वासित परत कधी जातात हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सीमेच्या प्रश्नाला ते जोडलेलंच आहे. १९७१ चे बहुतेक लोक काही महिन्यांत परतले, कारण ज्या राजवटीच्या भीतीने ते पळाले होते ती राजवटच तिथे उरली नव्हती. सीरियातही डिसेंबर २०२४ मध्ये असद पडले आणि वर्षभराच्या आत बाहेर गेलेल्यांतले दहा लाखांहून अधिक लोक परत गेले. श्रीलंकेतलं युद्ध २००९ मध्ये संपलं, पण तमिळनाडूच्या छावण्यांत आजही हजारो माणसं आहेत. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदा नाही. त्यामुळे म्यानमारमधून आलेल्या चिन लोकांना मिझोरामने आपले भाऊबंद म्हणून ठेवून घेतलं, ते केंद्राच्या सूचना बाजूला ठेवून. दुसऱ्या राज्यात दुसऱ्या माणसांच्या वाट्याला वेगळंच येतं. जुलै १९८७ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाला नागरिकत्वासाठी आई किंवा वडील भारतीय असावे लागतात, आणि नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने ज्या देशांतून आलेल्यांना सवलत दिली त्यांत श्रीलंकेचं नाव नाही. मंडपमच्या छावणीत जन्मून तिथल्याच शाळेत शिकलेला पस्तिशीचा माणूस म्हणूनच आजही परका ठरतो. त्याला नागरिकत्व द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.